अभयसाधक बाबा आमटे

नागपुराहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या सडकेने सुमारे १०० किलोमीटर गेले म्हणजे वरोरा हे गाव लागते. गाव ओलांडताच दाट झाडी दिसू लागते आणि त्या झाडीतून शेते, तळी, विणकामाचे माग, शाळा, रुग्णालय व टुमदार घरे डोकावतात. हेच आनंदवन. येथे प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास सांगूनही खरे वाटणार नाही. परंतु १९५१ साली हा सारा प्रदेश म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेला, साप-विंचवांनी गजबजलेला ओसाड माळ होता. त्या माळाचे वन कोणी केले? कोणा धनाढ्य पुरुषाने नव्हे, की मोठ्या इंजिनिअरांनीही नव्हे. घरच्यांनी टाकून दिलेल्या, हातापायांची बोटे झडलेल्या कुष्ठरुग्णांनी ते केले. ज्यांच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नसे, अशा ह्या माणसांना एकत्र आणून त्यांच्या हाती कुदळ-फावडी आणि पुढे रुग्णालयातील मलमपट्टीचे काम देणारे थोर पुरुष म्हणजे बाबा आमटे होत.

बाबांचे पूर्ण नाव मुरलीधर देविदास आमटे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. आमट्यांचे घराणे जमीनदारांचे होते. वरोऱ्याजवळील गोरजे या गावी त्यांची मोठी शेती होती आणि वडील सरकारी अधिकारी होते. घरात कशाचीच वाण नव्हती. आईवडील त्यांना लाडाने बाबा म्हणत. तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले. बड्या घरच्या मुलाने नोकराचाकरांच्या मुलांत मिसळू नये, अशी घरची शिस्त होती. पण बाबांना ती कधीच मानवली नाही. ते त्या मुलांबरोबर खेळत, त्यांच्या घरी जाऊन खात आणि घरी परतल्यावर त्याबद्दल मुकाट्याने बोलणी सोशीत.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. दिवाळीचे दिवस होते. खाऊसाठी आईने मूठभर नाणी दिली होती. ती खुळखुळवीत बाबा बाजारात निघाले. वाटेत एक आंधळा भिकारी बसला होता. बाबांनी हातातली सारी नाणी त्याच्या वाडग्यात ओतली. एवढे वजन पडताच तो भिकारी कष्टी झाला. कोणीतरी द्वाड पोराने आपल्या वाडग्यात दगड टाकून आपली चेष्टा केली, असेच त्याला वाटले. कारण तसा अनुभव त्याला रोजचाच होता. हे दगड नसून पैसे आहेत, हे बाबांनी त्याला समजावले, तेव्हा तो ती नाणी पुन्हा पुन्हा चाचपून मोजू लागला. त्या दिवशी बाबा रडत घरी आले. माणसाला माणसाकडून दगडांखेरीज काही मिळण्याची आशाच उरू नये, ही गोष्ट त्यांच्या बालमनाला फार लागली.

शिक्षणासाठी बाबा नागपुरास आले. तेथेच त्यांचे शाळा-महाविद्यालयांतील शिक्षण झाले आणि १९३६ साली ते नागपूर विद्यापीठाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. कॉलेजातील बाबा मोठे शौकीन होते. शिकारीचा त्यांना नाद होता. स्वतःची मोटारगाडी होती आणि तिच्या बैठकीवर चित्त्याचे कातडे अंथरलेले असे. इंग्रजी चित्रपट ते आवडीने पाहत व त्यांवर परीक्षणेही लिहीत. हा तरुण पुढे कुष्ठरुग्णांच्या जखमा धुईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर नागपुरातील त्याचे सोबती हसले असते.

वकिली चांगली चालू लागली. परंतु बाबांचे मन त्या पैशात रमेना. तासाभराच्या वादविवादाबद्दल वकिलाला जे मिळते, ते दिवसभर उन्हात राबणाऱ्या मजुराला महिन्यातही मिळत नाही, हा अन्याय त्यांना बोचू लागला. गांधीजींचे वास्तव्य तेव्हा वर्ध्याजवळ सेवाग्रामला होते. बाबा तेथे जाऊ-येऊ लागले. १९४२ च्या चले जाव चळवळीत पकडलेल्या देशभक्तांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांना संघटित केले आणि स्वतः तुरुंगवासही भोगला. एकदा आगगाडीत काही गोरे शिपाई एका तरुणीची छेड काढीत होते. डब्यातले सारे प्रवासी भयाने गप्प होते. बाबा एकटे पुढे झाले. त्यांनी भरपूर मार खाल्ला, पण त्या शिपायांना हटू दिले नाही. ही हकीकत गांधीजींच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी बाबांना अभयसाधक ही पदवी दिली.

पुढे बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्या काळी मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम सफाई कामगारांना करावे लागे. त्यांनी पगारवाढ मागितली. त्यांचे काम किती कठीण आहे ते स्वतः केल्यावाचून कळणार नाही, असे बाबांना वाटले. ते टोपली घेऊन निघाले आणि एक दोन दिवस नव्हे, तर नऊ महिने त्यांनी ते काम केले. वरोऱ्यात त्यांनी श्रमाश्रम काढला. तेथे निरनिराळ्या जातींची कष्टकरी कुटुंबे एकत्र राहत आणि एकत्र जेवत.

ह्याच सुमारास त्यांना आयुष्याची जोडीदारीण लाभली. नागपुरातील घुले शास्त्री यांच्या घरी लग्नकार्य होते. सारी मंडळी सोहळ्यात दंग असता, घरातील इंदू नावाची मुलगी हळूच मागच्या बाजूस जाऊन एका म्हाताऱ्या मोलकरणीचे काम हलके करीत होती. बाबांनी ते पाहिले आणि हिच्याशीच लग्न करायचे असे ठरवले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला. ह्याच इंदू पुढे साधनाताई म्हणून प्रसिद्ध झाल्या.

आता बाबांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग आला. पावसाची रात्र होती. बाबा मैल्याची टोपली घेऊन चालले होते. वाटेत गटाराच्या कडेला त्यांना चिंध्यांचे गाठोडे दिसले. जवळ जाताच ते गाठोडे हलले. तो माणूस होता. हाताला बोटे नाहीत, अंगावर जखमा, जखमांत किडे, अशी त्याची दशा होती. तुळशीराम नावाचा तो कुष्ठरुग्ण मृत्यूची वाट पाहत तेथे पडला होता. ते दृश्य पाहताच बाबांच्या अंगावर काटा आला. आपल्यालाही हा रोग होईल, ह्या भीतीने ते धूम पळत घरी आले.

घरी ते आले खरे. पण मन त्यांना खाऊ लागले. गोऱ्या शिपायांना न भिणारा, ज्याला अभयसाधक म्हणून गौरविले तो आपण, एका मरणोन्मुख माणसाला भिऊन पळालो! हा तुळशीराम आपला भाऊ असता तर? आपली पत्नी अशी पडली असती तर? बाबा परत फिरले. त्यांनी तुळशीरामावर आडोसा उभारला, त्याच्या जखमा धुतल्या, त्याला भरवले. अखेर बाबांच्या देखरेखीखालीच त्याने प्राण सोडला. तथापि बाबांच्या मनातील भीती लगेच गेली नाही. कित्येक महिने ते तिच्याशी झगडत राहिले. जेथे भीती आहे तेथे खरे प्रेम असू शकत नाही, हे त्यांना उमगले. ही भीती घालवण्याचा एकच उपाय होता. तो म्हणजे कुष्ठरुग्णांतच जाऊन राहणे. त्यांनी हा विचार साधनाताईंना सांगितला. घरात लहान मुले होती. तरीही साधनाताईंनी बाबांना साथ देण्याचे कबूल केले.

कुष्ठरोग हा काय आजार आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. लोक त्याला महारोग म्हणत आणि तो मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे असे मानीत. वस्तुतः तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. नॉर्वे देशातील हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधून काढला. हा जंतू त्वचेतील मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि तेथील संवेदना नाहीशी होते. मग तापलेले भांडे उचलले तरी चटका जाणवत नाही, पायात काटा रुतला तरी कळत नाही. वेदना नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते, जखम चिघळते आणि हळूहळू बोटे झिजून जातात. हा रोग सहजासहजी एकाचा दुसऱ्याला होत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते. आज तर सरकारी आरोग्य केंद्रांत त्यावर मोफत औषधे मिळतात आणि वेळेवर उपचार केल्यास तो पूर्ण बरा होतो. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास तो न लपवता डॉक्टरांना दाखवणे, हेच शहाणपणाचे असते.

बाबा वकील होते, डॉक्टर नव्हते. तेव्हा त्यांनी प्रथम शिकण्याचे ठरवले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण कुष्ठरुग्णांची सेवा करीत होते. त्यांच्याजवळ बाबांनी काम केले. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. अधिक शिक्षणासाठी बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत गेले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढत नाहीत. त्यामुळे संशोधकांची मोठी अडचण होत असे. ती कळताच बाबांनी प्रयोगासाठी आपले स्वतःचे शरीर देऊ केले. त्यांच्या अंगात जंतू टोचण्यात आले. परंतु त्यांना रोग झाला नाही.

कलकत्त्याहून परतल्यावर बाबांनी वरोऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत उपचार सुरू केले. डॅप्सोन हे नवे गुणकारी औषध तेव्हा उपलब्ध झाले होते. रोगी बरे होऊ लागले. पण बरे झालेला माणूस जाणार कोठे? त्याच्या शरीरातील जंतू गेले, तरी झडलेली बोटे परत येत नव्हती. ती पाहून घरचे दार लावून घेत, गावकरी विहिरीवर येऊ देत नसत. मग भीक मागण्यावाचून दुसरा मार्ग उरत नसे. औषधाने रोग जातो. परंतु गेलेला मान औषधाने परत येत नाही, हे बाबांनी ओळखले. भिक्षेने माणूस आणखी खचतो आणि स्वतःच्या कामाने उभा राहतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

सरकारकडून वरोऱ्याजवळ ५० एकर खडकाळ जमीन मिळाली. जून १९५१ मध्ये बाबा, साधनाताई, विकास व प्रकाश हे दोन चिमुकले मुलगे, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा एवढा परिवार त्या माळावर राहावयास आला. जवळ अवघे १४ रुपये होते. आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. त्या भयाण माळाला बाबांनी नाव दिले आनंदवन!

पहिला प्रश्न पाण्याचा होता. विहीर खणायची तर पैसा नाही, मजूर नाहीत आणि खाली काळा खडक. खणणारे हात म्हणजे रुग्णांचेच आणि बाबांचे. ज्याला जे जमेल ते त्याने करावे, असे ठरले. कोणी खणावे, कोणी माती वाहावी, कोणी स्वयंपाक करावा. कित्येक आठवडे हे काम चालले आणि अखेर एके दिवशी खडकातून पाणी लागले. त्या पाण्याने केवळ तहान भागली असे नाही. आपण कोणाच्याही दयेवाचून काही निर्माण करू शकतो, ही गोष्ट त्या सहा जणांना आयुष्यात पहिल्यानेच पटली. मग झोपड्या उभ्या राहिल्या, दगड वेचून शेते तयार झाली, ज्वारी व भाजीपाला पिकू लागला.

रुग्णांची संख्या वाढू लागली, तेव्हा त्यांची देखभाल कोणी करावी, हा प्रश्न उभा राहिला. बाहेरून परिचारिका किंवा नोकर येण्यास तयार नव्हते. बाबांनी रुग्णांकडेच पाहिले. बरे झालेल्यांना त्यांनी जखमा धुण्यास, मलमपट्टी करण्यास आणि औषधे देण्यास शिकवले. ह्यात मोठे शहाणपण होते. नवा रुग्ण आनंदवनात येई तो भीतीने आणि लाजेने अर्धमेला होऊन. धडधाकट माणसाच्या शब्दांवर त्याचा विश्वास कसा बसावा? परंतु ज्याची स्वतःची बोटे झडली आहेत, असा माणूस जवळ बसून त्याची जखम बांधू लागला, की त्याला धीर येई. ज्या वाटेने आपल्याला जायचे आहे, त्याच वाटेने हा जाऊन सुखरूप आला, हे त्याला डोळ्यांनी दिसे. शिवाय ह्या रोगात वेदना नसल्यामुळे रुग्णाने स्वतःच रोज आपले हात-पाय निरखून पाहावे लागतात. डॉक्टर कितीही कुशल असला, तरी रोग्याच्या सहकार्यावाचून तेथे त्याचे काही चालत नाही. आनंदवनात रोगी हा उपचार करून घेणारा पाहुणा राहिला नाही. तो उपचार करणाऱ्यांपैकी एक झाला.

हीच रीत पुढे प्रत्येक कामात आली. शेती, गोठा, सुतारकाम, लोहारकाम, विणकाम, पत्र्याचे डबे बनवणे, छपाई, अशी कामे रुग्ण शिकले आणि जे शिकले त्यांनी नव्यांना शिकवले. कामांची जबाबदारी त्यांच्यातल्याच जाणत्यांकडे सोपवलेली असे. बऱ्या झालेल्या स्त्री-पुरुषांचे विवाह झाले आणि त्यांनी आपले संसार थाटले.

तथापि बाहेरच्या जगाची भीती अजून गेली नव्हती. आनंदवनाची भाजी वरोऱ्याच्या बाजारात गेली, तर तिला कोणी हात लावीना. भाजी ताजी होती, स्वस्त होती. पण ती पिकवणारे हात कुष्ठरुग्णांचे होते. त्या काळातच निरनिराळ्या देशांतील सुमारे ५० तरुण स्वयंसेवक आनंदवनात इमारती बांधण्यासाठी येऊन राहिले. ही परदेशी मुले कुष्ठरुग्णांबरोबर राबतात, त्यांच्या शेतातील भाजीपाला खातात, हे वरोऱ्याचे लोक कुतूहलाने पाहावयास येऊ लागले. पाहता पाहता त्यांचीही भीती ओसरली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला.

ज्या गावाने आपल्याला दूर लोटले, त्या गावावर आनंदवनाने राग धरला नाही. वरोऱ्यात महाविद्यालय नव्हते. मुलांना शिकण्यासाठी दूर जावे लागे. १९६० नंतरच्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर कुष्ठमुक्तांनी आपल्या हातांनी आनंदनिकेतन महाविद्यालय बांधले. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांनी बांधलेल्या वर्गांत त्याच लोकांची मुले शिकू लागली. समाजाकडून घेणारे आता समाजाला देणारे झाले. यानंतर अंध आणि अपंग मुलांसाठी शाळा निघाल्या, अनाथ बालकांसाठी गोकुळ उभे राहिले. नागपूरजवळ अशोकवन आणि मूलजवळ सोमनाथ येथेही वसाहती झाल्या. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातील हजारो तरुणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत घाम गाळला.

बाबांचे दोन्ही मुलगे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले. डॉ. विकास यांनी आनंदवनाचा भार उचलला. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंड लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे वीज नव्हती, धड रस्ताही नव्हता. डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांनी ते कार्य पत्करले. त्यांच्या मदतीला आनंदवनातील कार्यकर्ते गेले. कालचे रोगी आज दुसऱ्या रोग्यांसाठी दवाखाना उभारीत होते!

बाबांचे स्वतःचे शरीर मात्र खचत चालले होते. पाठीच्या मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहावे लागे, नाहीतर आडवे पडावे लागे. आयुष्यभर ज्यांनी रोग्यांची सेवा केली, ते आता स्वतः रोगी झाले. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. देशात दुही माजलेली पाहून १९८५ साली त्यांनी भारत जोडो यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाल्या आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. १९९० पासून धरणामुळे विस्थापित होणाऱ्या लोकांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी ते अनेक वर्षे नर्मदेच्या काठी कसरावद येथे जाऊन राहिले.

बाबा कवीही होते. ज्वाला आणि फुले हा त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध आहे. त्यांना १९७१ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेंपल्टन पुरस्कार आणि १९९९ मध्ये गांधी शांतता पुरस्कार असे मोठे सन्मान मिळाले. ह्या सर्व वाटचालीत साधनाताई त्यांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या होत्या. सुरुवातीच्या हलाखीत शेकडो माणसांच्या चुलीची चिंता त्यांनीच वाहिली. बाबांची धाव आकाशाकडे असे. तिला जमिनीवर आधार देण्याचे काम साधनाताईंचे होते.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आले. २०११ साली साधनाताईही निवर्तल्या.

बाबांच्या थोरवीचे मर्म कशात आहे? दुःखितांची दया येणारे लोक जगात पुष्कळ असतात. दया करणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली बसलेला असतो. बाबा खाली बसलेल्या माणसाजवळ गेले, त्याच्या भीतीने पळालेही. पण परत फिरले आणि त्याला हात देऊन आपल्या बरोबरीने उभे केले. तुळशीरामाला ते वाचवू शकले नाहीत. परंतु त्याच्यासारख्या हजारो जणांनी त्यानंतर त्या माळावर विहिरी खणल्या, जखमा बांधल्या, शाळा उभारल्या आणि ताठ मानेने आयुष्य घालवले. नागपुराहून वरोऱ्याकडे जाण्याचा योग आला, तर आनंदवनाच्या एखाद्या विहिरीपाशी क्षणभर उभे राहावे आणि ते थंडगार पाणी ओंजळीने प्यावे. ती विहीर कोणत्या हातांनी खणली असेल, ह्याची आठवण तेव्हा अवश्य ठेवावी.